मागचं सगळं स्पष्ट

फोटो धूसर आले, आणि धाकट्याने सगळ्यात आधी थोरल्याला झापलं.

"तू हललास."

"मी?"

"मग काय खुर्ची हलली?"

थोरला डोळे तपासायच्या उंच खुर्चीला टेकून उभा होता. त्याच खुर्चीत त्याने चौतीस वर्षं लोकांना बसवलं होतं, त्यांची हनुवटी टेकवून घेतली होती आणि 'हलू नका हं' असं हळू आवाजात सांगितलं होतं. हलणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं त्या रस्त्यावर कुणालाच कळत नव्हतं. त्याने छत्तीसच्या छत्तीस फोटो काउंटरवर पसरले, एकेक उचलून पाहिला आणि विचारलं, "छत्तीस वेळा हललो?"

"तुझा काय भरवसा."

दुकान चष्म्यांचं, दोघा भावांचं. थोरला डोळे तपासायचा, धाकटा काचा घासायचा. पुढच्या खोलीत थोरल्याचा शांत आवाज, 'आता कसं दिसतंय, आणि आता?' मागच्या खोलीत धाकट्याच्या चाकाची घरघर, आणि त्या घरघरीवर स्वार झालेली त्याची कुरकुर. भिंतीत एक हातभर खिडकी होती. नंबराची चिठ्ठी इकडून तिकडे जायची, चष्मा तिकडून इकडे यायचा. चौतीस वर्षं एकाने लिहावं, दुसऱ्याने ते काचेत उतरवावं, असं चाललं होतं. आणि या काळात दोघांनी एकमेकांशी जेवढं बोलायचं ते बहुतेक त्या खिडकीतूनच बोललं होतं.

येत्या रविवारी थोरला जाणार होता. समुद्रापलीकडे, मुलीकडे, कायमचा. वहिनी दोन महिने आधीच गेल्या होत्या. थोरल्याच्या खुर्चीमागे उभं राहायला एक शिकलेली मुलगी नेमली होती, ती सोमवारपासून येणार होती. हे सगळं ठरत असताना धाकट्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्याने फक्त अकरा वर्षं कपाटात निजलेला फिल्मचा कॅमेरा बाहेर काढला आणि फर्मावलं, "जायच्या आधी तुझा एक फोटो हवाय मला. दुकानात लावायला. नीट हवाय. पापणीचा केस न केस दिसला पाहिजे."

"मोबाईलवर काढा की," धाकट्याची बायको म्हणाली होती. काउंटर ती सांभाळायची. "आत्ता काढाल, आत्ता दिसेल."

"मोबाईल फोटो काढत नाही. अंदाज काढतो."

म्हणून थोरल्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं गेलं. खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं, आणि ज्या अक्षरांच्या तक्त्याकडे आजवर सगळं गाव बघत आलं होतं, त्याच्याकडे थोरल्याची पाठ झाली. तक्ता मागच्या भिंतीवर, थोरल्यापासून चारेक पावलांवर, दिव्याच्या पेटीत उजळलेला. धाकट्याने लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे थोरला तेवढा स्पष्ट येईल आणि मागचं सगळं विरघळून जाईल.

आणि आता सोमवारी सकाळी काउंटरवर छत्तीस फोटो पडले होते. त्यांत थोरला विरघळला होता. त्याचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, याचा पत्ता लागत नव्हता. मागचा तक्ता मात्र असा आला होता, की जणू त्याच्याचसाठी फिल्म घातली होती.

"तक्ता काय सुरेख आलाय हो," बायको फोटो डोळ्यांजवळ नेत म्हणाली. "तळाची ओळसुद्धा वाचता येते."

"तुला कुणी विचारलं?"

"विचारलं नाही. कौतुक केलं."

धाकट्याने फोटो गोळा केले, पाकिटात कोंबले आणि चप्पल घातली. राग त्याच्या नाकावर असायचा, पण तो तिथे फार वेळ थांबायचा नाही. त्याला कुणाच्या तरी दारात नेऊन सोडावं लागायचं.

या वेळी ते दार होतं अंधारकाकांचं. बाजाराच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत ते अजून फिल्म धुवायचे. आयुष्य लाल दिव्यात गेल्यामुळे दिवसाच्या उजेडात त्यांचे डोळे बारीक व्हायचे, आणि समोरच्याला वाटायचं की हे आपल्याला हसतायत.

"हसू नका," धाकटा म्हणाला. "धुताना तुम्ही बिघडवलंत."

"बसा."

"बसायला आलो नाही मी."

"बरं, उभे राहा." अंधारकाकांनी निगेटिव्हची पट्टी उजेडात धरली, त्यावर भिंग ठेवलं आणि बराच वेळ पाहिलं. "धुताना बिघडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं ना. माझं पाणी काय माणूस बघून बिघडतं? भिंत एवढी छान आणि माणूस तेवढा खराब, असं धुता येत नाही कुणाला. येत असतं तर मी श्रीमंत झालो असतो."

"मग लेन्स गेलीय."

"लेन्स गेली असती तर तक्ता आला नसता."

"मग काय करू मी?"

"एक तर लेन्सचं तोंड मिटवा जरा. आठवर न्या, अकरावर न्या. मग पुढचंमागचं थोडं चुकलं तरी खपून जातं."

"मिटवलं तर मागचा तक्ता येतो, कपाट येतं, सगळा पसारा येतो." धाकट्याचा आवाज चढला. "मला मागचं काही नको आहे. मला फक्त दादा हवाय."

बोलून झाल्यावर तो स्वतःच जरा दचकला, आणि दचकला म्हणून आणखी रागावला. अंधारकाकांनी मान खाली घातली, कपाट उघडलं आणि एक लांबोळकी लेन्स फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"पंच्याऐंशी मिलिमीटरची आहे. चेहऱ्याला हीच. तुमच्या पन्नासच्या लेन्सला समोरचं सगळं घर दिसतं, हिला माणूस दिसतो. पण ही मानी आहे. केसभर चुकलात तर माफ करत नाही."

"मी चुकत नाही," धाकटा म्हणाला.

मंगळवारी दुपारी दुकान तासभर बंद ठेवण्यात आलं. कॅमेरा ट्रायपॉडवर चढला. खुर्ची डुगडुगू नये म्हणून तिच्या एका पायाखाली पुठ्ठा गेला, थोरल्याच्या मानेमागे उशी गेली. पंख्याने केस हलतील म्हणून पंखा बंद झाला. बायकोला एका जागी उभं राहायची शिक्षा झाली, कारण फरशी तिच्या चालण्याने हादरते असं धाकट्याचं म्हणणं पडलं.

"मी काय हत्ती आहे?"

"बोलू नकोस. बोलण्यानेसुद्धा हादरते."

थोरल्याच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि भुवईत जाऊन बसला.

"पुसू का?"

"नाही. श्वास रोख."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

थोरल्याने श्वास रोखला. तेवढ्यात बंद दारावर टकटक झाली. काचेला नाक लावून एक म्हातारे गृहस्थ आत बघत होते. आत एक माणूस घामाने निथळत, लाल तोंडाने, डोळे विस्फारून बसला होता, दुसरा त्याच्यावर काहीतरी रोखून उभा होता आणि बाई भिंतीला चिकटली होती. गृहस्थ हळूच मागे सरकले आणि त्यांनी समोरच्या चष्म्याच्या दुकानाची वाट धरली.

"गेलं गिऱ्हाईक," बायको ओठ न हलवता म्हणाली.

"जाऊ दे," धाकटा म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. छत्तीस वेळा.

बुधवारी फोटो आले. या वेळी तक्ताही धूसर होता, थोरलाही धूसर होता. दोघांच्या मधे, खुर्चीमागे हातभर अंतरावर, लहान मुलांच्या फ्रेमचं एक फिरतं स्टँड होतं; ते तेवढं लखलखीत आलं होतं. एका फ्रेमच्या काडीवर ससा होता. सशाच्या मिशा मोजता येत होत्या.

बायकोने फोटो पाहिला, तोंडावर पदर धरला आणि काहीतरी आणायला म्हणून मागच्या खोलीत गेली. आणण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"बारक्या," थोरला म्हणाला. धाकट्याचं वय अठ्ठावन्न होतं, पण थोरल्याच्या तोंडी तो बारक्याच होता. "एकदा बस इथे. डोळे बघतो तुझे."

"माझे?"

"हो."

"अरे, मी केसाच्या शंभराव्या हिश्शाचा फरक ओळखतो काचेतला."

"तो बोटांनी ओळखतोस. फोकस डोळ्यांनी बघतात."

सगळ्या गावाने त्या खुर्चीत बसून घेतलं होतं. धाकटा कधी बसला नव्हता. 'ती खुर्ची गिऱ्हाइकांची' असं म्हणायचा आणि मागच्या खोलीत निघून जायचा. थोरला दर वर्षी एकदा विचारायचा, धाकटा दर वर्षी एकदा निघून जायचा. हेही त्या दुकानाचं एक चालतं काम होतं.

"डोळ्यांत काहीही दोष नाही माझ्या."

"नसेलही. बघायला काय हरकत आहे?"

"आणि असला, तरी तुला काय?" धाकट्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तू रविवारी निघालास ना? मग माझ्या डोळ्यांची पंचाईत कशाला तुला? ती नवीन मुलगी येईल, ती बघेल. तिला पगारच त्याचा आहे."

मागच्या खोलीतलं बायकोचं दाबलेलं हसू थांबलं. थोरल्याने हातातली तपासणीची काच रुमालाने पुसली. पुसलेलीच होती, पुन्हा पुसली.

"बरं," तो म्हणाला.

भांडणात धाकट्याला सगळं चालायचं. 'बरं' चालायचं नाही. 'बरं' म्हणजे समोरच्याने दार लावून घेतलं, आणि आपण ओटीवर उभे.

रात्रभर ते 'बरं' त्याच्या कानात घरघरत राहिलं. गुरुवारी सकाळी त्याने मनाशी ठरवलं, की दोष डोळ्यांत नाही हे कागदावर लिहून आणायचं आणि दादाच्या समोर आपटायचं. दादाकडून तपासून घेतलं तर दादा म्हणेल ते खरं. तेव्हा तिसऱ्या माणसाकडून. आणि तिसरा माणूस त्या रस्त्यावर एकच होता.

समोरचा.

समोरच्याचं दुकान अकरा पावलांवर होतं. चौतीस वर्षांत दोन्ही भावांनी ती अकरा पावलं कधी टाकली नव्हती. धाकटा मागच्या गल्लीतून फिरून, दोन चौक चालून, कुणी बघत नाही असं पाहून त्या दारातून आत शिरला. आत शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की समोरच्याच्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने भिंत नाही. वरपासून खालपर्यंत नुसती काच आहे, आणि तपासणीची खुर्ची त्या काचेकडे तोंड करून मांडलेली आहे.

"या, या," समोरचा म्हणाला. त्याला झालेला आनंद त्याच्या मिशीत मावत नव्हता. "काय हवंय? काच संपली का तुमच्याकडे?"

"डोळे तपासायचेत."

"कुणाचे?"

"माझेच. अजून कुणाचे घेऊन आलोय मी?"

समोरच्याने खुर्ची दोनदा पुसली. धाकटा बसला. हनुवटी टेकवली, कपाळ टेकवलं. यंत्राच्या कडेवरून सरळ रेषेत रस्ता दिसत होता आणि रस्त्यापलीकडे आपल्या दुकानाचं दार दिसत होतं. त्या दारात थोरला येऊन उभा राहिला होता. हात पाठीमागे, मान किंचित कलती.

धाकट्याने मान वळवायचा प्रयत्न केला.

"हलू नका हं," समोरचा म्हणाला.

तो हलला नाही. अकरा पावलांवरून त्याला थोरल्याच्या शर्टाची दुसरी गुंडी सुटलेली दिसत होती, तिचा लोंबणारा दोरासुद्धा दिसत होता. डोळ्यांत खरोखरच दोष नव्हता.

"वा," समोरचा शेवटी म्हणाला. "जवळचं वाचायला तेवढा वयाचा नंबर. बाकी लांबचे डोळे विशीतल्या माणसाचे आहेत हो तुमचे."

"लिहून द्या. शिक्का मारून."

तो कागद घेऊन धाकटा सरळ रस्ता ओलांडून परत आला. लपायचं काही उरलं नव्हतं.

"काय निघालं?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही. डोळे उत्तम आहेत."

"पापणी उलटी करून बघितली त्याने?"

"नाही."

"डोळ्यांचा दाब बघितला?"

"नाही."

"बुबुळावर उजेड टाकून?"

"नाही म्हटलं ना."

"मग त्याने बघितलं काय?" थोरला म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता, एका सुरातला, पण तळाशी काहीतरी खरवडल्यासारखं होत होतं. "चौतीस वर्षं म्हणतोय, बस. बसला नाहीस. आणि बसलास तो तिथे. काचेत. सगळ्या रस्त्याला दिसेल असा."

"रागावलास?"

"मी कधी रागावतो का?"

"तेच तर. रागाव ना एकदा. ओरड माझ्यावर."

थोरला ओरडला नाही. त्याने सुटलेली गुंडी लावली आणि म्हणाला, "मी आता फोटोला बसणार नाही, बारक्या. पुरे झालं." मग आत जाऊन तो सामानाच्या पेट्यांना दोऱ्या बांधायला लागला.

बायको काउंटरमागून सगळं ऐकत होती. थोरला आत गेल्यावर तिने फ्रेम पुसायचं फडकं धाकट्याच्या छातीवर फेकलं. "लाज वाटू द्या जरा. भाऊजींच्या खुर्चीत बसायला तुमची कंबर दुखत होती, आणि त्या मिशीवाल्याच्या खुर्चीत बरे मांडी ठोकून बसलात. आता काय लावणार भिंतीवर? ससा?"

शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आधीच धाकटा अंधारकाकांच्या जिन्याखाली उभा होता. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात शिक्का मारलेला कागद.

"डोळे चांगले आहेत," तो म्हणाला. "दादा हलला नाही. पाणी चांगलं आहे. लेन्स दोन वापरल्या, दोन्ही चांगल्या. मग आता राहिलं कोण?"

"त्याचाच विचार करतोय मी परवापासून." अंधारकाकांनी दोन्ही दिवसांचे फोटो शेजारी शेजारी लावले. "हे बघा. पन्नासच्या लेन्सने तक्ता धरला, चार पावलं मागचा. पंच्याऐंशीने स्टँड धरलं, हातभर मागचं. बहात्तर फोटो आहेत. एकात तरी तुमच्या भावाच्या पुढचं काही स्पष्ट आलंय? गुडघा? हात? चपलेचा अंगठा?"

"नाही."

"हलणारा माणूस कधी पुढे हलतो, कधी मागे. वाईट डोळा कधी अलीकडे चुकतो, कधी पलीकडे. हे रोज एकाच बाजूला चुकतंय. म्हणजे कॅमेरा प्रामाणिक आहे. त्याला कुणीतरी चुकीचं सांगून ठेवलंय." त्यांनी लेन्स काढली आणि कॅमेऱ्याच्या पोटात पाहिलं. "हा उघडला होता का कुणी?"

"कुणी नाही. साफ केला होता फक्त."

"कुणी?"

"मी. अकरा वर्षांची धूळ होती. डोळा लावून बघितलं की समोर नुसते ठिपके. म्हणून वरची ती दुधी काच काढली, धुतली, परत बसवली. काचेचं काम आहे, मला कोण शिकवणार?"

"कशी बसवलीत?"

"कशी म्हणजे? दुधी काच बसवतात तशीच. तक्त्याच्या दिव्याला बसवतो तशी. खरखरीत बाजू आत, गुळगुळीत बाजू बाहेर. पुसायला बरी पडते."

अंधारकाकांनी टेबलाच्या खणातून चिमटा काढला आणि नुसता हातात धरला.

धाकट्याने स्वतःचं वाक्य मनात एकदा फिरवून पाहिलं.

"इथे..." तो म्हणाला.

"इथे खरखरीत बाजू खाली लागते. आरशाकडे. चित्र त्या खरखरीत बाजूवर पडतं ना. काच उलटी बसली की चित्राचं अंतर बदलतं. तुम्हाला कॅमेऱ्याच्या खिडकीतून दादा स्पष्ट दिसतो, आणि फिल्मला दादाच्या मागचं सगळं."

चिमट्याने काच निघाली, सुलटी झाली, खट् करून बसली. कामाला मिनिटभर लागलं. धाकटा बघत राहिला. तक्त्याच्या दिव्याच्या पेटीत त्याने आजवर किती काचा बसवल्या असतील. त्यांतली एकही उलटी नव्हती. हात सवयीने गेला होता, आणि सवयीने गेलेला हात बरोबरच असतो, या जोरावर त्याने चार दिवस सगळ्या गावाला धारेवर धरलं होतं. राग अजून होता, चांगला रसरशीत होता, पण आता तो सोडायला दार उरलं नव्हतं. फिरून फिरून तो आपल्याच घरी आला होता.

"लेन्स पंच्याऐंशीचीच ठेवा," अंधारकाका म्हणाले. "आणि जरा बाहेर बसा. चेहरा लाल झालाय तुमचा."

शनिवारी सकाळी धाकटा पुढच्या खोलीत आला. खिडकीतून बोलला नाही, दाराने आला, आणि काही न बोलता उंच खुर्चीत चढून बसला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी रुसून झाडावर जाऊन बसायचा, तसा.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"डोळे बघ."

"कागद आहे ना तुझ्याकडे."

"फाडला."

थोरल्याने दिवा लावला, हात धुतले, त्याची हनुवटी बोटाने उचलून टेकवली. धाकट्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक अक्षराला दम देत वाचला. थोरल्याने पापणी उलटी करून पाहिली, दाब पाहिला, बुबुळावर उजेड टाकला. त्याचा श्वास धाकट्याच्या गालाला लागत होता. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता, आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला तो आवाज पहिल्यांदाच धाकट्यासाठी बोलत होता. आता कसं दिसतंय. आणि आता.

"चांगले आहेत," थोरला म्हणाला. पाऊण तासाने.

"कॅमेऱ्यातली दुधी काच उलटी बसवली होती," धाकटा तक्त्याकडे बघत म्हणाला. "मीच."

"खरखरीत बाजू आत?"

"हो."

थोरल्याने दिवा बंद केला. "म्हणजे काम बरोबरच केलंस. जागा चुकली."

"आता बसशील?"

काउंटरमागे बायकोने फ्रेम पुसायचं थांबवलं. धाकट्याच्या ओठांवर माफीचा एक शब्द येऊन थांबला होता. तो त्याला कधी म्हणता आला नव्हता, आणि आजही तो म्हणेल असं काही दिसत नव्हतं.

"थांब," थोरला म्हणाला आणि आत गेला. खण उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. तो परत आला, खुर्ची फिरवली, बसला, चष्मा नाकावर नीट केला. "काढ."

पंखा चालू राहिला. बायको चालत राहिली. धाकटा कॅमेऱ्याला डोळा लावून वाकला, आणि जग लहान होत होत थोरल्याच्या उजव्या पापणीपाशी येऊन थांबलं. तिथले केस पांढरे होते. हे त्याला माहीत नव्हतं. एवढी वर्षं शेजारी काढून आपल्याला हे माहीत नाही, याचा त्याला इतका राग आला, की बाकी काही त्याला दिसलंच नाही. तो पापणीवर फोकस लावत राहिला आणि बटण दाबत राहिला.

रविवारी सकाळी टॅक्सी दाराशी येऊन उभी होती, पेट्या चढल्या होत्या, तेव्हा अंधारकाका उजेडात डोळे बारीक करत रस्त्यातून चालत आले. हातात वहीच्या पानाएवढा एकच फोटो, कडेने अजून जरा वळलेला.

फोटो मागितला होता तसाच आला होता. गालावरचा दाढीचा ओरखडा होता, हनुवटीवरचा तीळ होता. पापणीचा केस न केस होता, मोजून घ्यावा. ओठ मिटलेले, पण आत काहीतरी हसू दाबून धरलेलं. मागचं सगळं विरघळून गेलं होतं. तक्ता नाही, स्टँड नाही, ससा नाही. फक्त दादा.

"भाऊजी," बायको हळूच म्हणाली, "असेच आहात हो तुम्ही."

धाकट्याने फोटो आपल्याकडे ओढला. अर्धा मिनिट तो तृप्त दिसला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

थोरल्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दाराचा उजेड चमकत होता. त्या उजेडात, डाव्या काचेत एक आणि उजव्या काचेत एक, नखाएवढा माणूस उभा होता. तीन पायांच्या कॅमेऱ्यामागे वाकलेला, एक डोळा मिटलेला, दात आवळलेले, चेहरा असा की आत्ता कुणाला तरी फाडून खाईल.

"झळक आलीय," धाकटा म्हणाला. आवाज चढत गेला. "काचेत मी आलोय. हा कुठला चष्मा घातला होतास?"

"जुना. साध्या काचेचा."

"कोटिंगवाली काच घालून दिलीय ना मी तुला? गेल्या वर्षीच? तिच्यात काही चमकत नाही, काही दिसत नाही."

"दिलीयस. म्हणून तर ती काढून ठेवली."

धाकट्याने फोटो पुन्हा उजेडात धरला.

"साध्या काचेत समोरचं उमटतं, हे तुला माहीत नाही? चौतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढलीस तू."

"माहीत आहे. तुझ्याइतकं नाही, पण माहीत आहे." थोरल्याने फोटो त्याच्या हातातून अलगद सोडवून घेतला. "पेट्या भरताना सगळे जुने फोटो काढले मी. मुलीच्या शाळेपासून लग्नापर्यंत सगळे तू काढलेले. आई आहे, आम्ही आहोत, शेजारीपाजारी आहेत. तुझा एकही नाही. कॅमेरा कायम तुझ्याच हातात. मागितला असता तर बसला असतास माझ्यासमोर?"

"नसतो बसलो."

"मग मी काय करायचं?"

"आणि दुकानात काय लावू मी?" धाकटा शेवटी अंधारकाकांवरच घसरला. "हा घेऊन चाललाय."

"निगेटिव्ह माझ्याकडे आहे," अंधारकाका म्हणाले. "दुसरा काढून देतो. दोघंही येता त्यात."

"दोघं कुठे, तिघं," बायको म्हणाली. "हे दोनदा आलेत."

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. धाकट्याने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचा हात हॉर्नवरून आपोआप निघाला. थोरला मागच्या सीटवर बसला, फोटो मांडीवर ठेवला, काच खाली केली.

"बारक्या."

"काय?"

"उद्यापासून ती मुलगी येईल. नवीन आहे. तिच्यावर ओरडू नकोस."

"मी?" धाकटा ओरडला. सबंध रस्त्याने ऐकलं, समोरच्याने दारात येऊन पाहिलं. "मी कधी ओरडतो कुणावर?"

टॅक्सी सुरू झाली. थोरल्याने फोटो मागच्या काचेला आतून टेकवून धरला, धाकट्याकडे तोंड करून, आणि रस्ता वळेपर्यंत त्यातल्या चष्म्याच्या एका काचेवर बोट ठेवून राहिला.